सैनिकाचे मनःस्वास्थ्य आणि आपला मानसोपचार विभाग



वार्षिक अहवालात दरवर्षी रुग्णालयाच्या एका विभागाच्या कामाची सविस्तर ओळख करून देण्याचा आपला प्रघात आहे. यंदा विश्वस्त मंडळाने ही संधी मानसोपचार विभागास दिली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. विभागातील रुग्णसंख्या, खाटा व खर्च यांचे तक्ते अहवालात अन्यत्र दिलेले असल्याने त्यांची पुनरुक्ती येथे केलेली नाही. आमच्या कामाच्या एकाच भागाविषयी आम्ही येथे लिहीत आहोत. तो भाग म्हणजे सेनादलात सेवेत असलेल्या आणि सेनादलातून निवृत्त होऊन गावी परतलेल्या रुग्णांचे उपचार.

आपल्या रुग्णालयात सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. या भागात घरटी एक माणूस फौजेत असलेली गावे आहेत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव 'अपशिंगे मिलिटरी' या नावानेच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. कोल्हापूर जिल्ह्यातील सैनिक टाकळीचे नावही याच परंपरेची साक्ष देते. अशा गावांतील स्मारकांवर युद्धात कामी आलेल्यांची नोंद आदराने कोरून ठेवलेली असते. जे परत आले, परंतु ज्यांची झोप परत आली नाही, अशांची नोंद मात्र कोठेही नसते. ती त्यांच्या घरच्यांनाच ठाऊक असते.

आमच्यापैकी एक सहकारी सेनादलाच्या वैद्यकीय सेवेत मानसोपचारतज्ज्ञ म्हणून दीर्घकाळ काम करून निवृत्तीनंतर आपल्या रुग्णालयात रुजू झाले आहेत. या लेखातील सैन्यातील कामकाजाची माहिती बऱ्याच अंशी त्यांच्या अनुभवातून आलेली आहे. ज्या दोन रुग्णांविषयी पुढे लिहिले आहे, त्यांची व त्यांच्या कुटुंबीयांची संमती घेतलेली असून ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदललेले आहेत.

आमच्याकडून राहून गेलेला प्रश्न

प्रारंभ आमच्याच एका चुकीपासून करणे योग्य ठरेल.

एक निवृत्त हवालदार रक्तदाब व निद्रानाश या तक्रारींसाठी आपल्या सामान्य बाह्यरुग्ण विभागात सुमारे दोन वर्षे नियमितपणे येत होते. वेळेवर येणारे, ताठ बसणारे, विचारले तेवढेच सांगणारे असे हे गृहस्थ. रक्तदाबाच्या गोळ्या बदलून पाहिल्या, झोपेच्या गोळ्या दिल्या, मीठ कमी करण्यास सांगितले. त्यांच्या केसपेपरवर 'माजी सैनिक' अशी नोंद पहिल्याच दिवशी झालेली होती. कोठे सेवा झाली, तेथे काय पाहिले, हे मात्र दोन वर्षांत आमच्यापैकी कोणीही विचारले नाही.

एके दिवशी त्यांच्या पत्नी स्वतःच्या गुडघेदुखीसाठी आल्या असता परिचारिकेशी बोलताना सहज म्हणाल्या, "ह्यांना झोपेतून उठवायचं झालं तर आम्ही जवळ जात नाही. दारात उभं राहून हाक मारतो. एकदा पोरानं खांद्याला हात लावला, तर त्याचा गळाच धरला होता." परिचारिकेने ही गोष्ट त्याच दिवशी आमच्या कानावर घातली. तिच्या दक्षतेमुळेच पुढील उपचार सुरू होऊ शकले, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे.

पुढे हवालदारांशी सविस्तर बोलणे झाले. काश्मीरमधील सेवेत एका स्फोटात त्यांचा शेजारचा सहकारी गेला होता. त्या रात्रीची दृश्ये त्यांना वर्षानुवर्षे स्वप्नात दिसत होती. गावात दिवाळीचे व वरातीचे फटाके सुरू झाले की ते शेतातल्या खोपटात जाऊन बसत. झोप यावी म्हणून कॅन्टीनमधून मिळणारी दारू रोज रात्री घेत आणि वरून आमची झोपेची गोळी. ही जोडी किती घातक आहे हे आम्हाला ठाऊक होते, परंतु दारूविषयी आम्ही ओझरते विचारले होते आणि त्यांनी ओझरते उत्तर दिले होते.

हे आधी का सांगितले नाही, असे विचारता ते म्हणाले, "डॉक्टर, मी बँकेच्या रोकड गाडीवर बंदूक घेऊन बसतो. डोक्याचा इलाज चालू आहे असं कळलं तर उद्या मला कोण ठेवील?"

या एका वाक्यात सैनिकाच्या मानसोपचारातील मुख्य अडचण आली आहे. शस्त्र, नोकरी व मान या तिन्ही गोष्टी ज्याच्या बाबतीत एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्याला आजार लपवणे हेच शहाणपणाचे वाटते. सेवेत असताना लागलेली ही सवय गणवेश उतरल्यानंतरही सुटत नाही.

जुन्या युद्धांनी शिकवलेले

रणांगणावरील मानसिक आघात हा आजकालचा शोध नव्हे. इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ डॉ. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' या नावाने अशा रुग्णांचे वर्णन केले. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूस इजा होते, अशी तेव्हा समजूत होती. पुढे असे दिसून आले की ज्यांच्या जवळपास गोळा फुटलाच नव्हता, त्यांनाही हीच लक्षणे होत होती. वाचा जाणे, हात थरथरणे, दचकून उठणे ही ती लक्षणे. त्या काळी अनेकांना भित्रे ठरवण्यात आले. पलायन, भ्याडपणा व तत्सम आरोपांखाली त्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने मृत्युदंड दिलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटिश संसदेने केलेल्या कायद्याने माफी मिळाली ती २००६ साली. त्यांपैकी काही जण आजारी असावेत, हे मान्य होण्यास नव्वद वर्षे लागली.

त्याच युद्धात १९१७ साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ डॉ. थॉमस सॅमन यांनी दोस्त राष्ट्रांच्या अनुभवाचा अभ्यास करून उपचारांची रचना सुचवली. रुग्णावर आघाडीच्या शक्य तितक्या जवळ, शक्य तितक्या लवकर आणि तो बरा होऊन आपल्या तुकडीत परतणार आहे या अपेक्षेने उपचार करावेत, हे तिचे सार होय. ही तत्त्वे लष्करी मानसोपचारात पुढेही शिकवली जात राहिली. विश्रांती, उबदार अन्न, झोप व सोबत्यांचा आधार यांनी बरेच जण सावरतात, हे त्यामागचे निरीक्षण.

परंतु याच तत्त्वांनी एक अवघड प्रश्नही उभा केला. एडिंबराजवळील क्रेगलॉकहार्ट येथील युद्ध रुग्णालयात डॉ. विल्यम रिव्हर्स व त्यांचे सहकारी अधिकाऱ्यांवर सहानुभूतीने उपचार करीत. दडपून ठेवलेल्या आठवणी हळूहळू बोलून दाखवण्यास रिव्हर्स आपल्या रुग्णांना उत्तेजन देत. याच रुग्णालयात उपचार घेतलेले कवी विल्फ्रेड ओवेन बरे होऊन आघाडीवर परतले आणि युद्धविरामाच्या केवळ एक आठवडा आधी, ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, लढताना मारले गेले. येथे डॉक्टरांचे यश ते कशास म्हणावे? रुग्णाचे हित व सैन्याची गरज या दोन्हींचे उत्तरदायित्व एकाच डॉक्टरकडे असले की ही ओढाताण अटळ असते.

व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवानंतर १९८० साली अमेरिकी मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात 'आघातोत्तर तणाव विकार' या आजाराचा समावेश झाला. आज हे निदान सैनिकांपुरते मर्यादित राहिलेले नाही. भूकंप, अपघात, अत्याचार यांतून गेलेल्या कोणासही हा विकार होऊ शकतो.

सैन्यातील मानसोपचारतज्ज्ञाचे काम

आपल्या देशात सेनादलांच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतात. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, ज्याची स्थापना १९४८ साली झाली, या शाखेचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. तेथून तयार झालेले डॉक्टर पुढे देशभरातील लष्करी, नौदल व हवाई दल रुग्णालयांत जातात.

नागरी रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञापुढे रुग्ण येतो तो बहुधा स्वतःच्या किंवा घरच्यांच्या इच्छेने. सैन्यात जवान पुष्कळदा तुकडीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने पाठवल्यावरून येतो. समोरचा डॉक्टर हा गणवेशातील अधिकारी असतो. आमचे सहकारी सांगतात की जवान आत आला की प्रथम सलाम करतो आणि बसण्यास सांगितले तरी खुर्चीच्या कडेला बसतो. प्रकृती विचारली की पहिले उत्तर ठरलेले असते: "सब ठीक है, सर." आपल्याकडच्या जवानाशी हिंदी सोडून मराठीत बोलू लागले, घरचा पाऊसपाणी विचारला, की मग कोठे दुसरे उत्तर येते.

निदानासाठी तुकडीच्या अधिकाऱ्याकडून जवानाच्या वर्तनाविषयी लेखी अहवाल मागवला जातो. याचा लाभ असा की जो स्वतः काहीच सांगत नाही, त्याच्याविषयी इतरांनी काय पाहिले हे कळते. अडचण अशी की आजाराची बातमी वरिष्ठांपर्यंत पोहोचलेलीच असते.

त्यानंतर प्रश्न येतो वैद्यकीय श्रेणीचा. सेनादलात प्रत्येकाची शारीरिक व मानसिक क्षमता पाच भागांत मोजली जाते. त्या भागांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'शेप' म्हणतात. यातील पहिला भाग मानसिक आरोग्याचा, मग श्रवण, हातपाय, सर्वसाधारण शारीरिक क्षमता व दृष्टी. सर्व भागांत एक क्रमांक असलेला जवान 'शेप वन' म्हणजे पूर्ण सक्षम. मानसिक आजाराचे निदान झाल्यास पहिल्या भागातील श्रेणी काही काळासाठी खाली येते. शस्त्र हाताळण्यावर व एकट्याने पहारा करण्यावर निर्बंध येऊ शकतात, नेमणुकीच्या जागा मर्यादित होतात आणि पदोन्नतीवरही परिणाम होऊ शकतो. ठरावीक मुदतीने फेरतपासणी होऊन प्रकृती सुधारल्यास श्रेणी पुन्हा वर जाते.

ही व्यवस्था क्रूर आहे असे आम्ही म्हणणार नाही. तीव्र नैराश्यात असलेल्या माणसाच्या हाती भरलेली रायफल देऊन त्याला रात्रीच्या पहाऱ्यावर एकटे उभे करणे, हे त्याच्यासाठी व त्याच्या सोबत्यांसाठी धोक्याचे आहे. परंतु जवानाच्या दृष्टीने डॉक्टरकडे जाणे म्हणजे हवालदारीची फीत धोक्यात घालणे. म्हणून तो जात नाही. ज्या डॉक्टरने त्याला बरे करावयाचे, त्याच डॉक्टरच्या सहीने त्याची श्रेणी उतरते, हा सैन्यातील मानसोपचाराचा सर्वांत अवघड भाग होय.

आजार नेहमी युद्धाचाच नसतो

सैनिक म्हटला की लोकांना गोळीबार आठवतो. आमच्याकडे येणाऱ्यांत तसा आघात झालेले आहेतच. पण त्यांच्याइतकेच, किंबहुना अधिक, असे आहेत ज्यांचे दुखणे घरचे आहे. पोस्टावरील जवानास फोनवर कळते की चुलत्याने बांध कोरला आहे, वाटणीचा दावा दाखल झाला आहे, आई व पत्नी यांचे पटत नाही, मुलगा दहावीत नापास झाला आहे. त्याला हे सारे ऐकू येते, परंतु करता काहीच येत नाही. रजा मिळण्यास अवधी असतो. सेनादलांतील आत्महत्यांविषयी संसदेत दिल्या गेलेल्या उत्तरांतही संरक्षण मंत्रालयाने कौटुंबिक प्रश्न, वैवाहिक कलह, आर्थिक अडचणी व ताण यांचा कारणांत उल्लेख केलेला आहे.

त्यामुळे येथे उपचार म्हणजे केवळ गोळ्या नव्हेत. जमिनीच्या तंट्याबाबत तुकडीचा प्रमुख अधिकारी जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवू शकतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अशा प्रकरणांचा पाठपुरावा करते. आमच्या समाजसेविका गरजेप्रमाणे कुटुंबास या कार्यालयात घेऊन जातात. तलाठ्याकडून मिळालेला सातबाराचा एक उतारा काही वेळा औषधाइतका गुणकारी ठरल्याचे आम्ही पाहिले आहे.

उंचीवरील सेवेचा वेगळा विचार करावा लागतो. सियाचीन हिमनदीवर १९८४ सालापासून आपले सैन्य आहे. तेथील कित्येक चौक्या १८ हजार फुटांहून अधिक उंचीवर आहेत. तेथे प्राणवायू विरळ, भूक मंद व झोप तुटक असते. विस्मरण व चिडचिड होऊ शकते. खाली आल्यावर बहुतेकांची प्रकृती पूर्ववत होते, परंतु हिमस्खलनात सोबती गमावलेल्याचे दुःख उंचीबरोबर उतरत नाही.

सुट्टीवर आलेला जवान

सेवेत असलेला जवान सुट्टीत आजारी पडल्यास त्याने जवळच्या लष्करी रुग्णालयात जावे, अशी अपेक्षा असते. तातडीच्या प्रसंगी तो नागरी रुग्णालयात येऊ शकतो. आमच्याकडे मात्र काही जण मुद्दाम येतात, कारण येथे आपले कोणी ओळखीचे नाही असे त्यांना वाटते.

असाच एक नाईक दर्जाचा तरुण भावाबरोबर संध्याकाळी उशिरा आला. सुट्टीचे सहा दिवस उरले होते. पहिली विनंती अशी की काहीही कागदावर लिहू नये. तीन आठवड्यांत त्याचे वजन बरेच उतरले होते, जेवण जात नव्हते, पहाटे तीनला जाग येई. आम्ही स्पष्टपणे विचारले की जीव द्यावासा वाटतो काय. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "घरी नाही वाटत. तिथं पहाऱ्यावर वाटतं."

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये रुग्णाच्या माहितीची गुप्तता राखणे आम्हास बंधनकारक आहे. जीवितास धोका असेल तेथे तो टाळण्यापुरती माहिती देण्याची मुभाही हाच कायदा देतो. नोंद न ठेवता उपचार करणे आम्हास शक्य नव्हते. त्याच्या तुकडीस परस्पर कळवले असते तर तो दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आलाच नसता. आणि काहीच न करता सहा दिवसांनी त्याला रायफलीकडे परत पाठवणे हे आमच्या मनास पटणारे नव्हते.

सलग दोन दिवस आम्ही त्याच्याशी, त्याच्या पत्नीशी व भावाशी बोललो. श्रेणी खाली येईल, हे त्याच्यापासून लपवले नाही. ती पुन्हा वर जाऊ शकते, हेही सांगितले. आमच्या निवृत्त सहकाऱ्यांनी त्याला समजावले की लष्करी रुग्णालयात आपण होऊन गेलेल्या जवानाकडे आणि पहाऱ्यावर काही घडल्यानंतर आणलेल्या जवानाकडे पाहण्याच्या दृष्टीत फरक पडतो. तिसऱ्या दिवशी तो आमचे पत्र घेऊन, भावासह, पुण्यास गेला.

त्याच्यावर तेथे उपचार झाले. काही महिने त्याला शस्त्राविना काम देण्यात आले. पदोन्नतीसाठी आवश्यक असलेला अभ्यासक्रम त्या वर्षी हुकला. त्याची खंत त्याला आहे आणि ती खोटी आहे असे आम्ही म्हणू शकत नाही. पुढे फेरतपासणीत त्याची श्रेणी सुधारली. गेल्या गणपतीत तो सुट्टीवर आला असता पत्नी व लहान मुलीसह विभागात भेटून गेला. ती भेट आम्हा सर्वांना बळ देणारी होती.

उपचार कसे केले जातात

आघातोत्तर तणाव विकारावर आज गुणकारी उपचार उपलब्ध आहेत. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाबरोबर ठरावीक बैठकांत त्या प्रसंगाकडे सुरक्षित वातावरणात, टप्प्याटप्प्याने परत जाणे, ही त्यांतील प्रमुख पद्धती होय. ज्या गोष्टी रुग्ण टाळत आलेला असतो, त्यांना हळूहळू सामोरे जाण्याचा सराव दिला जातो. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सर्व काही वदवून घेण्याची पद्धत पूर्वी रूढ होती. तिचा लाभ होत नाही असे पुढील संशोधनात दिसून आल्याने ती आता अनुसरली जात नाही.

औषधांत सर्ट्रालिनसारखी नैराश्यविरोधी औषधे उपयुक्त ठरतात. त्यांचा गुण येण्यास चार ते सहा आठवडे लागतात आणि बरे वाटू लागल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागतात. ही औषधे व्यसन लावणारी नाहीत. झोपेच्या गोळ्यांनी मात्र मूळ आजार बरा होत नाही, त्यांची सवय लागते आणि दारूबरोबर त्या श्वास मंदावून जिवावर बेतू शकतात.

दारूविषयी एक सूचना. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने ती घरच्या घरी एकाएकी बंद केल्यास दोन ते चार दिवसांत हातापायांना कंप, झटके, भ्रम असे गंभीर परिणाम होऊ शकतात. म्हणून दारू सोडण्याचा निश्चय झाल्यावर प्रथम डॉक्टरांना भेटावे. काही दिवस रुग्णालयात राहून, औषधे व जीवनसत्त्व ब-१ देऊन हा टप्पा सुरक्षितपणे पार पाडता येतो.

ज्यांच्यापासून या लेखाचा प्रारंभ केला, त्या हवालदारांची झोपेची गोळी आम्ही क्रमाक्रमाने बंद केली, दारू रुग्णालयात ठेवून सोडवली आणि त्यानंतर बैठका सुरू झाल्या. त्यांनी आपण होऊन बंदुकीची नोकरी सोडली व एका शाळेत पहारेकऱ्याचे काम धरले. वेतन कमी झाले. स्वप्ने पूर्ण गेलेली नाहीत, परंतु आता ती क्वचित पडतात. यंदाच्या दिवाळीत ते खोपटात गेले नाहीत, घरातच दार लावून बसले. आमच्या दृष्टीने ही मोठी प्रगती आहे.

कुटुंबीयांसाठी चार शब्द

सैनिकाचा आजार प्रथम त्याच्या घरच्यांच्या लक्षात येतो. वारंवार दचकणे, झोपेत ओरडणे, गर्दी वा आवाज टाळणे, क्षुल्लक कारणाने संतापणे, माणसांत असूनही नसल्यासारखे वागणे, पिण्याचे प्रमाण वाढणे, निरवानिरवीची भाषा करणे, ही लक्षणे महिनाभराहून अधिक टिकल्यास दाखवण्यास यावे. निरवानिरवीची भाषा ऐकल्यास मात्र एक दिवसही थांबू नये. जीव देण्याचे विचार येतात काय, असे विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. उलट विचारणारा कोणी आहे, याचा धीर मिळतो. अशा काळात घरातील परवान्याची बंदूक व शेतीची विषारी औषधे माणसाच्या हाताशी राहणार नाहीत, एवढी व्यवस्था आधी करावी.

आत्महत्येचा प्रयत्न झाल्यास पोलिसांच्या भीतीने रुग्णास रुग्णालयात आणण्यास विलंब करू नये. २०१७ च्या कायद्यानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असेच गृहीत धरले जाते आणि तिला उपचार व आधार देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.

माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना २००३ सालापासून सुरू आहे. तिच्या पॉलिक्लिनिकमधून मानसिक आजारासाठीही पुढे पाठवले जाते. केंद्र शासनाची 'टेली मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ असा आहे. सेनादलांतील व्यक्ती व त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू करण्यात आला. आजारामुळे सेवेतून बाहेर पडावे लागलेल्यांच्या अपंगत्व निवृत्तिवेतनाचे नियम २०२३ साली बदलले आहेत. त्यासंबंधी ऐकीव माहितीवर न विसंबता जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा सल्ला घ्यावा. सेवेतील वैद्यकीय कागद जपून ठेवावेत.

आपल्या साहाय्याचे मोल

या अनुभवातून आम्ही आमच्या पद्धतीत एक लहानसा बदल केला आहे. केसपेपरवर 'माजी सैनिक' अशी नोंद झालेल्या प्रत्येक रुग्णास, तो कोणत्याही विभागात आलेला असो, आता तीन प्रश्न विचारले जातात: सेवा कोठे झाली, झोप कशी लागते आणि दारू किती घेतली जाते. शक्य तेथे घरच्या माणसाशीही वेगळे बोलले जाते. या बदलास खर्च जवळजवळ आला नाही. खर्च येतो तो पुढील उपचारांस. बैठका वेळ घेतात. एका रुग्णासाठी मानसशास्त्रज्ञाचा एक पूर्ण तास लागतो आणि अशा बैठका आठवड्यामागून आठवडे चालतात. तपासणी यंत्राप्रमाणे हा तास छायाचित्रात दाखवता येत नाही, त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येत नाही. तरीही आपल्यापैकी अनेकांनी त्यासाठी साहाय्य केले आहे, याची आम्हास कृतज्ञ जाणीव आहे.

मानसोपचार विभागाचे दार यंदा मुख्य प्रवेशद्वारासमोरून काढून नेत्र विभागाच्या बाजूच्या मार्गिकेत घेण्यात आले. विश्वस्त मंडळापुढे हा प्रस्ताव ठेवताना आम्ही एवढेच कारण दिले होते की त्या मार्गिकेतून जाणारा माणूस चष्म्यासाठी चालला आहे असे पाहणाऱ्यास वाटावे. मंडळाने तो एकमताने मान्य केला. ज्याने सीमेवर कधी लपून वार केला नाही, त्याला डॉक्टरकडे लपत यावे लागू नये, असा दिवस उगवेपर्यंत ही सोय उपयोगी पडेल.

आपल्या घरात, भावकीत, शेजारी कोणी फौजेतून आलेले असेल, तर त्यांच्या पराक्रमाच्या गोष्टी ऐकताना त्यांना झोप कशी लागते हेही एकदा आपुलकीने विचारावे, ही सर्व वाचकांस नम्र विनंती. उत्तर "सब ठीक है" असे आले, तर थोड्या दिवसांनी पुन्हा विचारावे.



मानसोपचार विभाग